उद्याचे कसब आणि आजची शाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या घराघरांतून एकच प्रश्न चर्चेस येतो : मुलाला अगर मुलीला आता कोणत्या शिक्षणास घालावे ? आजोबा आपला अनुभव सांगतात, काका पुण्याच्या ओळखी काढतात, मामा सध्या कोणत्या धंद्यास मागणी आहे त्याची बातमी आणतात, आणि चार दिवसांच्या खलानंतर काहीतरी ठरते. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ती ही की, शिक्षण आज घ्यावयाचे असले तरी त्याचा उपयोग चार-पाच वर्षांनी सुरू होऊन पुढे तीस-पस्तीस वर्षे व्हावयाचा असतो. म्हणजे असा निर्णय घेणारे प्रत्येक कुटुंब, कळत वा नकळत, भविष्यच वर्तवीत असते. सरकार एखादी धंदेशिक्षणाची शाळा काढते तेव्हा तेही हेच करते. या भविष्यास आधार कोणता, ते चुकले असता काय होते, आणि चुकले तरी मुलाचे आयुष्य फुकट जाऊ नये यासाठी धंदेशिक्षणाची घडण कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार आम्ही मुंबई-पुण्याच्या दृष्टीने न करता दिंद्रुडसारख्या गावाच्या दृष्टीने करणार आहोत. दिंद्रुड हे बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याचे, बीडहून परळीस जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका अंगास तेलगावचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगास परळीचे औष्णिक वीजकेंद्र, आणि जवळच सिंदफणा नदीवरील माजलगावचे धरण. कापूस, सोयाबीन, ज्वारी व पाणी असेल तेथे ऊस ही येथील पिके. आणि पाऊस रुसला की माणसांनी गाव सोडावयाचे ही येथील जुनी रीत. अशा गावी मुलाचे शिक्षण चुकले तर ते निस्तरण्यास घरात दुसरी पुंजी नसते. म्हणून भाकिताचा खरा कस अशाच गावी लागतो.

सर्वांत सोपे भाकीत

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. बलुतेदारीच्या काळी सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार आणि जोशाचा जोशी. गावची शेते, गावचे बैल आणि गावची माणसे यांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या फारसे बदलत नसल्यामुळे गावास किती नांगर लागतील याचा अजमास घेण्यास कोणा पंडिताची गरज नव्हती. त्या व्यवस्थेने जातीच्या भिंती उभ्या करून कित्येकांची बुद्धी कोंडून मारली, हा तिचा दोष निर्विवाद आहे. ती परत यावी असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पुढे लोखंडी नांगर आला, विजेची मोटार आली, ट्रॅक्टर आला. लोहाराच्या घरातील ज्या मुलाने वेल्डिंग शिकून घेतले तो तरला. ज्याला बैलगाडीच्या चाकापलीकडे काही शिकावयास मिळाले नाही, त्याच्यावर हातातील वाकस खाली ठेवून मजुरीस जाण्याची पाळी आली. बापाचा धंदा मुलास पुरेल ही खात्री तेव्हापासून संपली, आणि अजमास घेण्याचे काम शाळेवर व सरकारवर येऊन पडले.

हे काम किती कठीण आहे हे पाहण्यासाठी प्रथम सर्वांत सोपे उदाहरण घेऊ. ते आमच्याच, म्हणजे शिक्षकाच्या, धंद्याचे आहे. उद्या किती माणसे लागतील हे कोणत्या धंद्यात निश्चित सांगता येत असेल तर ते प्राथमिक शिक्षकाच्या धंद्यात. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत यावयाचे. किती मुलांमागे एक शिक्षक हे नियमाने बांधलेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांस हे प्रमाण सामान्यतः तीसास एक असे ठरविले. कोणता शिक्षक कोणत्या वर्षी निवृत्त होणार हे त्याच्या सेवापुस्तकात लिहिलेलेच असते. राहता राहिले जन्माचे प्रमाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्यांची सरासरी १९९८-९९ मध्ये अडीच होती; ती २००५-०६ मध्ये २.१ वर, २०१५-१६ मध्ये १.९ वर आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. हे आकडे कोणापासून लपविलेले नव्हते. चौथीचे गणित येणाऱ्या मुलासही यावरून शिक्षकांची पुढील मागणी काढता आली असती.

तथापि याच काळात महाराष्ट्रात डी. एड. विद्यालयांचे भरघोस पीक आले. दोन वर्षांत हमखास सरकारी नोकरी, हे त्या पदविकेचे आकर्षण. ते मागील दहा वर्षांच्या अनुभवावर आधारलेले होते, म्हणून खोटे वाटत नव्हते. मराठवाड्यातील कित्येक घरांनी एकर-दोन एकर जमीन गहाण टाकून मुलास डी. एड. केले. २०१० साली शिक्षकभरतीसाठी सामायिक परीक्षा झाली, आणि त्यानंतर भरतीचे दार जवळजवळ मिटलेच. डिसेंबर २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. पण पात्रतेचा दाखला म्हणजे जागा नव्हे. हातात पदविका, वय तिशीच्या पुढे, आणि दुसरे कसब काही नाही, अशी तरुण माणसे आमच्या भागात आजही गावोगाव आढळतात. विद्यार्थी मिळेनासे झाले तेव्हा विद्यालये बंद पडली. गहाण पडलेल्या जमिनी मात्र त्यामुळे सुटल्या नाहीत.

हिशेब सोपा असता चूक का व्हावी ? कारण हिशेब आणि अधिकार एका हाती नव्हते. बी. एड. महाविद्यालयांच्या बाबतीत राज्यसरकारने, आपणास आणखी प्रशिक्षित शिक्षकांची गरज नाही असे धोरण ठरवून, नव्या संस्थांस नकार दिला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कायद्याने मान्यतेचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा आहे. राज्याचे धोरण त्याच्या आड येऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने या निर्णयाविषयी आम्हास काही म्हणावयाचे नाही. आम्ही दाखवू इच्छितो ते इतकेच की, गरज कोणी मोजावयाची, मान्यता कोणी द्यावयाची आणि नोकरी कोणी द्यावयाची ही तीन कामे तीन ठिकाणी वाटली गेली. आणि या तिघांच्या मध्ये जी फट राहिली तीत विद्यार्थी पडला.

कांद्याचा भाव आणि विद्वानांचे आकडे

शेतकऱ्यास ही गोष्ट निराळ्या रूपाने चांगली ठाऊक आहे. एखाद्या वर्षी कांद्यास भाव येतो. पुढील हंगामात जो तो कांदा लावतो, आणि सर्वांचा कांदा एकाच वेळी बाजारात आल्यावर तो वाहतुकीच्या खर्चासही महाग होतो. मग पुढील वर्षी कोणी कांदा लावीत नाही व भाव पुन्हा चढतो. शिक्षणातही असेच होते. मात्र कांद्याचे पीक चार महिन्यांत हाती येते आणि अभियंता तयार होण्यास चार वर्षे लागतात, म्हणून शिक्षणातील हेलकावा अधिक लांब व अधिक दुःखद असतो. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९६१ ते १९६६ मध्ये, देशास अभियंते अपुरे पडतील या अजमासाने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा भराभर वाढविण्यात आल्या. ते विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले तो अवर्षण व मंदी यांनी कारखानदारीस ग्रासले होते. १९६७-६८ च्या सुमारास हजारो अभियंते बेकार झाले, आणि सरकारने घाईघाईने प्रवेश कमी केले. पुढे ज्यांस अभियंते हवे होते त्यांस ते कमी पडले असल्यास नवल नाही.

असे भाकीत शास्त्रीय पद्धतीने करण्याचा प्रयत्न जगात झालाच नाही असे नाही. १९६० नंतरच्या दशकात युरोपातील आर्थिक सहकार्य संघटनेने पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया व तुर्कस्तान या सहा देशांसाठी, १९७५ साली कोणत्या शिक्षणाची किती माणसे लागतील याचे मोठे गणित मांडले. आपल्या देशातही १९६२ साली दिल्लीत मनुष्यबळाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली, आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने आपल्या शिफारशींत अशा आकड्यांचा आधार घेतला. या गणिताची रीत साधारणतः अशी असे : अमुक वर्षी देशात इतके उत्पन्न होईल, त्यास इतके कारखाने, इतक्या कारखान्यांस इतके कामगार, आणि इतक्या कामगारांस इतके शिक्षण. प्रत्येक पायरीवर थोडी चूक झाली तरी शेवटच्या पायरीवर ती कितीतरी पट होते. शिवाय एक काम एकाच प्रकारच्या शिक्षणाने होते हे या गणिताचे गृहीतच मुळी बरोबर नाही. एकच मोटार पदविकाधारकही दुरुस्त करतो आणि अनुभवाने शिकलेला निरक्षर मनुष्यही करतो. म्हणून पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि दहा-पंधरा वर्षांपुढील नेमके आकडे सांगण्याचा हव्यास बहुतेक देशांनी सोडून दिला.

तरीही आकड्यांचा मोह सुटत नाही. आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत व २५ टक्के १९९५ पर्यंत धंदेशिक्षणाकडे वळवावयाचे ठरविले. ते साधले नाही. २००९ च्या कौशल्य धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांस प्रशिक्षण देण्याचे जाहीर केले. तेही साधले नाही. प्रमाणपत्रे किती वाटली याची मोजदाद झाली. त्या प्रमाणपत्रावर दिंद्रुडच्या मुलास दिंद्रुडात काय करता आले, हा प्रश्न मोजदादीत बसत नसल्यामुळे मागेच राहिला.

तीन मासे

पंचतंत्रातील तीन माशांची कथा आमच्या वाचकांस माहीत आहेच. अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती आणि यद्भविष्य हे तीन मासे एका तळ्यात राहत. उद्या येऊन जाळे टाकू, असे कोळ्यांचे बोलणे त्यांच्या कानी आले. पहिला रातोरात दुसऱ्या तळ्यात गेला. दुसऱ्याने, हितोपदेशातील पाठाप्रमाणे, जाळ्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग घेऊन वेळ साधली. तिसरा जे व्हावयाचे ते होईल म्हणून बसला व प्राणास मुकला. या कथेत सहसा दुर्लक्षित राहणारी एक गोष्ट अशी की, अनागतविधात्यास काही त्रिकालज्ञान नव्हते. तळ्याच्या काठावर काय बोलले जात आहे ते त्याने ऐकले आणि मनावर घेतले, एवढीच त्याची दूरदृष्टी. आमच्या मते धंदेशिक्षणासाठी लागणारे भाकीत याच जातीचे असावे : जवळचे, काठावरचे, आणि दरवर्षी नव्याने ऐकलेले. आणि ते ऐकूनही चूक होणारच असल्यामुळे, मुलास प्रत्युत्पन्नमती करील असे शिक्षण त्याच्या जोडीस हवे.

यातील दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. गिरण्यांस तंत्रज्ञ हवेत म्हणून १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था मुंबईत स्थापन झाली. किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे या संस्थेत काही काळ शिक्षक होते. गिरणीतील सामान्य कामगार मात्र शाळेत न शिकता साच्यावरच शिकत असे. बदली म्हणून उभे राहावयाचे आणि एका खात्याचे काम जन्मभर करावयाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फसला, गिरण्या एकामागून एक मिटल्या. जी संस्था गिरण्यांसाठी जन्मास आली ती मात्र मिटली नाही. आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ती संगणकाचेही शिक्षण देते. असे का झाले ? संस्थेने गणित, रेखाचित्र, यंत्रशास्त्र व वीज हा पाया धरून ठेवला आणि वरचे मजले काळानुसार बदलले. कामगाराच्या वाट्यास एकच मजला आला होता, आणि त्याखाली पाया कोणी घातलाच नव्हता. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. त्याच्या हातास जे ठाऊक होते ते दुसऱ्या कामात उतरविण्याची विद्या त्यास कोणी दिली नाही.

कोयता आणि यंत्र

आता हीच गोष्ट आमच्या दारात येऊन उभी आहे, म्हणून मुंबईचे उदाहरण दिले. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलवावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यावयाचे. नवरा-बायकोच्या जोडीस येथे ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. हत्याराच्या नावाने माणूस मोजला जावा यावरूनच या धंद्याचे स्वरूप ध्यानात येईल. या जोडीबरोबर मुले जातात, त्यांची शाळा सुटते, आणि काही वर्षांनी त्यांच्याही हाती कोयता येतो. मुलांनी गावी राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली आहेत. पण आईबाप फडावर असता पाच-सहा महिने मूल मागे ठेवणे ही सोपी गोष्ट नाही.

या कामात आता यंत्र शिरत आहे. २०२३ साली राज्यसरकारने ९०० ऊसतोडणी यंत्रांस किमतीच्या ४० टक्के अगर ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, अनुदान म्हणून देण्याची योजना काढली. यावरून काठावर काय बोलले जात आहे ते कळते. ढोबळ हिशेब करून पाहू. एक कोयता दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. एक यंत्र नीट चालले तर शंभर टनांच्या घरात तोडते. म्हणजे एका यंत्रामागे पन्नास कोयते, किंवा शंभर माणसे. ९०० यंत्रे पूर्णपणे कामास लागली असे धरल्यास ९० हजार माणसांचे काम ती करतील. हा आकडा आम्ही भाकीत म्हणून देत नाही. लहान तुकड्यांत, चिखलात अगर जवळ-जवळ सऱ्या असलेल्या फडात यंत्र चालत नाही; ते नादुरुस्त होऊन उभेही राहते; आणि एका हंगामात सर्वत्र ते पोचणार नाही. परंतु दिशा कोणती आहे याविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही.

कोयता हातातून सुटावा यात वाईट काही नाही. कमरेत वाकून, पहाटेच्या थंडीत, लहान मूल पाचटावर निजवून करावयाचे हे काम संपले तर ते इष्टच होय. प्रश्न आहे तो कोयता सुटल्यावर हातात काय येणार हा. प्रत्येक यंत्रास चालक लागतो, मदतनीस लागतो, त्यामागून धावणाऱ्या ट्रॅक्टरांस चालक लागतात. त्याच्या पात्यांची धार, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नळ्या, झडपा व पंप यांची दुरुस्ती करणारा जाणता मनुष्य लागतो. आणि हंगामात तो दोन दिवस उशिरा आला तर मालकाचे मोठे नुकसान होते. शंभर माणसांचे काम जाऊन पाच-दहांचे नवे काम निर्माण होते. ते पाच-दहा बीड जिल्ह्यातील कोयतेवाल्यांचे मुलगे-मुली असतील की दुसरीकडून येतील, हे आजच्या शिक्षणावर अवलंबून आहे. आणि उरलेल्या नव्वदांचे काय, हा प्रश्न याहूनही मोठा आहे. त्यांस दुसऱ्या कामाकडे वळवावयाचे तर ती कामे आजच शोधिली पाहिजेत.

मोठ्या प्रकल्पांचा भरवसा

अशा वेळी लोक मोठ्या प्रकल्पांकडे डोळे लावतात. परळीचे वीजकेंद्र १९७१ साली सुरू झाले तेव्हा या भागास ते कल्पवृक्षासारखे वाटले. त्याच केंद्रास २०१३ साली व पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी बंद राहावे लागले. किती विजेची मागणी वाढेल याचा हिशेब बरोबर असूनही पाऊस त्या हिशेबात नव्हता. जुने संच आता मोडीत निघाले आहेत. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. १९९५ साली एखाद्या बापाने रेल्वे येणार म्हणून मुलास त्या कामाचे शिक्षण दिले असते, तर गाडी येईपर्यंत त्या मुलास नातू होण्याची वेळ आली असती. मोठ्या प्रकल्पास बांधणीच्या काळात गवंडी, वेल्डर व चालक पुष्कळ लागतात, बांधणी झाल्यावर फार थोडे लागतात. म्हणून असे प्रकल्प आनंदाने स्वीकारावे, पण मुलाचे सारे शिक्षण त्यांच्या खुंटीस टांगू नये.

मग काय करावे ?

जर्मनीत या बाबतीत जी रीत आहे ती समजून घेण्यासारखी आहे. तेथे धंदा शिकणारा विद्यार्थी आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात काम करतो आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतो. असे साधारण तीन ते साडेतीन वर्षे. कारखानदार त्यास उमेदवार म्हणून स्वतःहून घेतो, म्हणून ज्या धंद्यास मागणी नाही त्यात जागाच निर्माण होत नाहीत. कोणत्या धंद्याचा अभ्यासक्रम कसा असावा हे कारखानदार, कामगारसंघ व सरकार एकत्र बसून ठरवितात व वेळोवेळी बदलतात. यंत्रे व विद्युत्‌नियंत्रण यांचा मिलाफ कारखान्यांतून होऊ लागला तेव्हा १९९८ साली त्यांनी या दोहोंचा मिळून नवा धंदाच मान्य केला. आपल्याकडेही १९६१ सालापासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत अशी दुहेरी पद्धत २०१६ पासून सुरू झाली आहे. परंतु जर्मन पद्धतीस कारखाना लागतो, आणि दिंद्रुडच्या परिसरात साखर कारखाना सोडला तर मोठे कारखाने नाहीत. तेव्हा तिचे तत्त्व घ्यावे व रूप आपले असावे.

ते रूप आम्हास असे दिसते. पहिली गोष्ट गावचा अजमास. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी हायस्कुलातील वरच्या वर्गांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आसपासच्या आठ-दहा गावांची एक साधी नोंदवही करावी. गेल्या तीन वर्षांत कोणती यंत्रे गावात आली ? सौर पंप किती, ट्रॅक्टर किती, ठिबकचे संच किती, दुभत्या जनावरांसाठी यंत्रे किती ? बिघाड झाला असता दुरुस्तीस मनुष्य कोठून बोलवावा लागतो, तो किती दिवसांनी येतो व काय घेतो ? गावातील कोणता कारागीर म्हातारा झाला असून त्यामागे कोणी नाही ? आजाऱ्याची शुश्रूषा, बाळंतपण, वृद्धांची देखभाल यांसाठी कोणास बोलवावे लागते ? या वहीस विद्वत्ता लागत नाही, आणि जेथे मनुष्य बाहेरून येतो व उशिरा येतो तेथे मागणी आहे हे ती निःसंशय सांगते. पीएम-कुसुम योजना २०१९ पासून, व ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ पासून सुरू झाल्यावर शिवारात सौर पंप वाढत आहेत. ते पाच वर्षांनी कोण दुरुस्त करणार हा प्रश्न या वहीत आपोआप उमटेल. ही वही तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने दरवर्षी मागवून घ्यावी.

दुसरी गोष्ट पायाची. वीजतंत्री, जोडारी, कातारी या नावांचे धंदे शिकविताना पहिले वर्ष सर्वांस समान असावे : व्यवहारी गणित, मोजमाप, रेखाचित्र वाचणे, विजेचे मूलतत्त्व, अवजारांची निगा, अपघात टाळण्याची रीत, आणि यंत्राबरोबर येणारी इंग्रजी माहितीपुस्तिका कोशाच्या मदतीने का होईना पण स्वतः वाचणे. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आम्ही विशेष मानतो. ज्यास माहितीपुस्तिका वाचता येते त्यास नवे यंत्र शिकविण्यास दुसऱ्या शाळेची गरज उरत नाही. पायावर सहा-सहा महिन्यांचे जोडशिक्षण असावे. यंदा सौर पंप, दोन वर्षांनी ऊसतोडणी यंत्र, पुढे जे येईल ते. मागणी संपली की जोडशिक्षण बंद करण्यास संकोच नसावा, आणि ते शिकविणाऱ्या शिक्षकाने दरवर्षी महिनाभर प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन यावे.

तिसरी गोष्ट परतीच्या दाराची. पस्तीस वर्षांच्या ऊसतोड मजुरास, त्याच्या पत्नीस अगर डी. एड. होऊन बसलेल्या तरुणास पुन्हा शाळेत येता आले पाहिजे. त्यांच्या सोयीचा काळ म्हणजे हंगाम संपल्यानंतरचा. तेव्हाच शाळेची सुट्टी असते, हा योगायोग बदलण्यासारखा आहे. स्त्रियांसाठी म्हटले की शिवणयंत्र, एवढ्यावर आपली कल्पनाशक्ती थांबते. जी बाई फडावर पुरुषाच्या बरोबरीने मोळी उचलते तिच्या हाती पाना देण्यास अडचण ती कोणती ?

आता आपल्या घरांविषयी दोन शब्द. सुशिक्षित कुटुंबांतून धंदेशिक्षण ही दुसऱ्यांच्या मुलांसाठी उत्तम गोष्ट मानली जाते. आपला मुलगा मात्र खुर्चीवर बसावा, अशी इच्छा आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेली. कारकुनी, मास्तरकी, बँक, मग संगणक, अशा पायऱ्या आपण चढलो, आणि प्रत्येक पायरी कायमची वाटली. २०२२ च्या अखेरीपासून लेखन, भाषांतर, हिशेब व संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. ऊसतोडीचे यंत्र कोयत्याच्या दारी आले, तसे हे यंत्र आपल्या खुर्चीच्या दारी आले आहे. याचा परिणाम किती होईल हे आम्ही सांगू लागलो तर वर ज्या भाकितांवर टीका केली त्यांतच आमची गणना व्हावयाची. परंतु एकच विद्या, एकदाच शिकून, जन्मभर पुरेल हा भरवसा आता कोणत्याच घरास बाळगता येणार नाही, मग ते घर पुण्यातील असो की दिंद्रुडातील.

एकत्र कुटुंबास या बाबतीत एक सोय आहे, तिचा उपयोग करावा. चार भावंडांनी एकाच भरभराटीच्या धंद्यात पडू नये. एकाने पुस्तकी विद्या घेतली तर दुसऱ्याने हाताची घ्यावी, आणि घराने दोघांस सारखाच मान द्यावा. यंदा निकाल लागल्यावर जेव्हा घरात तो नेहमीचा खल सुरू होईल, तेव्हा कोणत्या धंद्यास सध्या मागणी आहे एवढेच न विचारता आणखी एक प्रश्न विचारावा : हा धंदा उद्या बुडाला तर या शिक्षणातून मुलापाशी काय उरेल ? ज्या शिक्षणास या प्रश्नाचे उत्तर देता येते ते निवडावे. ज्यास येत नाही त्यापायी जमीन गहाण टाकू नये.